विषाणू आणि यजमान प्रथिनांच्या आंतरक्रियांचे डेटाबेस: पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

पी५३ हे कर्करोगाच्या संशोधनातलं बहुधा सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं प्रथिन. १९७९ मध्ये ते पहिल्यांदा हाती लागलं ते एसव्ही४० या विषाणूच्या निमित्ताने. संशोधक या विषाणूचं लार्ज टी अँटिजेन हे प्रथिन पेशींमधून वेगळं काढत होते आणि त्याला चिकटून पेशीचंच एक अनोळखी प्रथिन बरोबर येत होतं. तेच पी५३. विषाणूच्या प्रथिनाने पेशीतलं काय धरून ठेवलं आहे हे बघितलं, की पेशीच्या कारभारात महत्त्वाचं काय आहे तेही कळतं. या अभ्यासाची गोडी लागते ती इथेच.

विषाणूकडे स्वतःचं फार थोडं असतं. एचआयव्ही-१ ची जनुकं नऊ. इन्फ्लुएंझा ए चा जीनोम आठ तुकड्यांचा. सार्स-कोव्ह-२ ची प्रथिनं साधारण २९. माणसाकडे मात्र प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास आहेत. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर विषाणू यजमानाची, म्हणजे ज्याला लागण होते त्याची, अख्खी पेशी ताब्यात घेतो, कारण त्याचं एकेक प्रथिन पेशीच्या कितीतरी प्रथिनांना हात घालतं. कोण कोणाला धरतं याच्या नोंदी असंख्य शोधनिबंधांत विखुरलेल्या आहेत. त्या वेचून, एका साच्यात बसवून शोधण्याजोग्या करणं हे या डेटाबेसांचं काम.

डेटाबेस उघडणं सोपं आहे. नाव टाकलं की शेकडो ओळी समोर येतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. हा लेख वाचताना एक गोष्ट सतत डोळ्यासमोर ठेवा: डेटाबेसमधली प्रत्येक ओळ हा एका प्रयोगाचा दाखला असतो. अमुक पेशीत, अमुक पद्धतीने बघितलं तेव्हा ही दोन प्रथिनं एकत्र सापडली, एवढंच ती सांगते. त्यातून निष्कर्ष काढायचा तो तुम्ही, आणि तो कसा काढायचा हे शिकण्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

संगणकाला हात लावण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. 'ऑर्फ९बी हे सार्स-कोव्ह-२ चं प्रथिन मानवी पेशीत कोणाला धरतं?' हा एका प्रथिनाचा प्रश्न झाला. 'इंटरफेरॉनच्या (पेशीच्या विषाणूविरोधी इशाऱ्याच्या) मार्गातल्या कोणत्या मानवी प्रथिनांवर अनेक विषाणू हल्ला करतात?' हा उलट्या बाजूने विचारलेला प्रश्न. 'डेंग्यू आणि झिका यांच्या लक्ष्यांमध्ये समान काय?' ही तुलना. 'यंत्राला शिकवण्यासाठी मला जोड्यांचा मोठा संच हवा आहे' ही आणखी वेगळी गरज.

प्रश्न बदलला की डेटाबेस बदलतो, गाळणी बदलते, किती चूक चालेल हेही बदलतं. एकाच जोडीवर पुढचे सहा महिने प्रयोगशाळेत घालवायचे असतील तर पाच भक्कम ओळी पाचशे कच्च्या ओळींपेक्षा मोलाच्या. मार्गांचं व्यापक चित्र हवं असेल तर थोडा गोंगाट सहन करता येतो.

दुसरी पायरी: नावांवर विसंबू नका, क्रमांक घ्या

या विषयात नावं फार फसवी आहेत. एनएस१ हे नाव इन्फ्लुएंझाच्या एका प्रथिनाला आहे, जे पेशीतला इंटरफेरॉनचा प्रतिसाद दाबतं. डेंग्यूच्या एनएस१ चा त्याच्याशी काही संबंध नाही. ते पेशीबाहेर सोडलं जाणारं ग्लायकोप्रोटीन आहे आणि त्यावरच डेंग्यूची अँटिजेन चाचणी बेतलेली आहे. पार्व्होव्हायरसचं एनएस१ हे तिसरंच. नुसतं 'एनएस१' शोधलं तर तिन्ही एकाच यादीत येऊन बसतील.

म्हणून प्रत्येक प्रथिनासाठी युनिप्रॉट या प्रथिनांच्या कोशाचा क्रमांक आणि प्रत्येक जीवासाठी एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राचा टॅक्सॉनॉमी (वर्गीकरण) क्रमांक आधी लिहून ठेवा. माणूस ९६०६, उंदीर १००९०, सार्स-कोव्ह-२ साठी २६९७०४९, एचआयव्ही-१ साठी ११६७६, एचपीव्ही-१६ (ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा एक प्रकार) साठी ३३३७६०. विषाणूंची शास्त्रीय नावं अलीकडे दोन शब्दांच्या पद्धतीने बदलली आहेत. एचआयव्ही-१ ची प्रजाती आता 'लेंटिव्हायरस ह्युमिमडेफ१' या नावाने नोंदलेली दिसते. जुन्या फाइलमध्ये जुनं नाव, नव्या फाइलमध्ये नवं. क्रमांकाने शोधलं की हा घोळ टळतो.

टॅक्सॉनॉमी क्रमांकाचीही एक खोच आहे. इन्फ्लुएंझा ए चा क्रमांक ११३२०, पण प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या १९३४ च्या प्वेर्तो रिको स्ट्रेनचा (विषाणूच्या वाणाचा) क्रमांक २११०४४. डेटाबेस ११३२० च्या खाली येणारे सगळे स्ट्रेन आपोआप धरत नसेल, तर तुम्हाला मूठभर ओळी दिसतील आणि माहितीच नाही असं वाटेल. शोधताना पोटातले स्ट्रेन धरले जातात की नाही हे आधी तपासा.

युनिप्रॉटचे क्रमांक हाताने टाइप करू नका, कॉपी करा. सार्स-कोव्ह-२ च्या ऑर्फ९बी चा क्रमांक आहे पी०डीटीडी२. यात 'पी' नंतर शून्याचा आकडा आहे. हे ऑर्फ९बी ज्याला धरतं त्या टॉम७० चा क्रमांक ओ९४८२६. इथे सुरुवातीला 'ओ' हे अक्षर आहे. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात आणि चुकीचं टाकलं की शोध मुकाट्याने रिकामा येतो.

विषाणूंच्या बाबतीत सगळ्यात अवघड दुखणं म्हणजे पॉलिप्रोटीन. कोरोना, डेंग्यू, हिपॅटायटिस सी अशा अनेक विषाणूंमध्ये आधी एक लांबलचक साखळी तयार होते आणि मग तिचे तुकडे होऊन कामाची प्रथिनं बनतात. युनिप्रॉट पूर्ण साखळीला एक क्रमांक देतं आणि तुकड्यांना 'पीआरओ' ने सुरू होणारे उपक्रमांक. सार्स-कोव्ह-२ मध्ये तर अशा दोन साखळ्या आहेत, १ए आणि १एबी, आणि एनएसपी१ ते एनएसपी१० हे तुकडे दोन्हींमध्ये येतात. परिणाम असा, की एकच एनएसपी१ एका फाइलमध्ये १ए च्या नावावर, दुसरीत १एबी च्या नावावर आणि तिसरीत तुकड्याचा उल्लेखच न करता नुसत्या साखळीच्या नावावर सापडू शकतं. शेवटच्या प्रकारात तर 'या विषाणूचं एकच प्रथिन शेकडो मानवी प्रथिनांना धरतं' असं चित्र उमटतं. उपक्रमांक जपा. फाइल साफ करताना हायफननंतरचा भाग छाटून टाकायची सवय अनेकांना असते. विषाणूंच्या बाबतीत ती घातक आहे.

तिसरी पायरी: कोणत्या दारात जायचं

सुरुवात इंटॅक्टपासून करा, असं मी ठामपणे सांगेन. युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटचा हा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. प्रशिक्षित माणसं शोधनिबंध वाचून प्रत्येक आंतरक्रिया नोंदवतात: कोणती पद्धत, कोणत्या पेशी, आमिष (ज्या प्रथिनाचे जोडीदार शोधले ते) कोणतं, प्रथिनाचा कोणता भाग जोडणीला लागतो, कोणत्या बदलाने जोडणी तुटते. इंटॅक्ट आयएमएक्स नावाच्या गटात आहे. या गटातले डेटाबेस समान नियमांनी नोंदी करतात आणि निबंध आपसात वाटून घेतात, त्यामुळे तेच काम दोनदा होत नाही.

दुसरं दार बायोग्रिडचं. २००३ पासून चालू असलेल्या या संग्रहात नोंदी इंटॅक्टइतक्या बारकाईच्या नसतात, पण पसारा मोठा आहे, आणि प्रत्येक नोंद छोट्या प्रयोगातून आली की मोठ्या सरसकट तपासणीतून आली हे तिथे सांगितलेलं असतं. कोरोनाविषाणूंवर त्यांनी खास नोंदणी केली. तिथे भौतिक आणि जनुकीय अशा दोन्ही प्रकारच्या आंतरक्रिया असतात. आपल्याला इथे हव्यात त्या भौतिक, म्हणजे प्रथिनं प्रत्यक्ष एकत्र आल्याच्या. ऑर्क्स हा त्यांचा भावंड डेटाबेस क्रिस्पर तपासण्यांचा, म्हणजे एकेक जनुक बंद करून बघण्याच्या प्रयोगांचा आहे. जनुक बंद केल्यावर विषाणूची वाढ थांबली म्हणजे ते प्रथिन विषाणूला चिकटतं असं ठरत नाही, म्हणून ती माहिती वेगळ्या कप्प्यात ठेवा. पुढे पडताळ्याला ती फार कामाची आहे.

खास विषाणू-यजमान जोड्यांसाठी बनलेले संग्रह म्हणजे व्हिरहोस्टनेट, एचपीआयडीबी आणि फिस्टो. व्हिरहोस्टनेट फ्रान्समधल्या ल्यों इथला. पहिली आवृत्ती २००९ ची, दुसरी २०१५ ची. विषाणू-विषाणू जोड्याही त्यात आहेत. एचपीआयडीबी आणि फिस्टो यांचा आवाका विषाणूंपुरता नाही, जिवाणू आणि इतर रोगजंतूही त्यात येतात. असे संग्रह सोयीचे असतात, पण त्यांतली बरीच माहिती मूळ डेटाबेसांमधूनच आलेली असते. म्हणून इंटॅक्ट, व्हिरहोस्टनेट आणि फिस्टो या तिन्हींत एक जोडी दिसली तर तिला तीन पुरावे आहेत असं समजू नका. तिन्ही ठिकाणी पबमेड क्रमांक (शोधनिबंधाचा क्रमांक) एकच निघाला तर पुरावा एकच.

या क्षेत्रात संग्रह जन्मतात, विलीन होतात, झोपी जातात. व्हायरसमिंट नावाचा एक चांगला संग्रह २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, पुढे त्याची जागा व्हायरसमेंथाने घेतली. कोणत्याही संग्रहात शिरताना पहिल्यांदा शेवटच्या अद्ययावतीकरणाची तारीख बघा.

एचआयव्हीवर काम असेल तर एनसीबीआयचा एचआयव्ही-१ व मानवी प्रथिनांचा डेटाबेस जरूर बघावा, मात्र एक भान ठेवून. त्यात 'जोडलं जातं', 'तोडतं' यांच्या जोडीला 'प्रमाण वाढवतं', 'रोखतं' अशा क्रियापदांच्याही नोंदी आहेत. नेफ या एचआयव्हीच्या प्रथिनामुळे एखाद्या मानवी प्रथिनाचं प्रमाण वाढलं, तर दोघांची गाठ प्रत्यक्ष पडलीच असेल असं नाही. तुम्हाला स्पर्श हवा की परिणाम, यानुसार क्रियापदं गाळा.

विषाणूची ओळख करून घ्यायला व्हायरलझोन उत्तम आहे. स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सची ही चित्रमय पानं युनिप्रॉटला जोडलेली आहेत, आणि जीनोमची मांडणी समजून घ्यायला मी त्याहून सोपी जागा बघितलेली नाही. क्योटो विद्यापीठाचा व्हायरस-होस्ट डीबी मात्र नावावरून फसवतो: कोणता विषाणू कोणत्या जीवाला लागतो एवढंच त्यात आहे, प्रथिनांच्या जोड्या नाहीत.

चौथी पायरी: एक जोडी हातात घेऊन बघा

ऑर्फ९बी आणि टॉम७० ही जोडी सरावाला फार चांगली आहे. ऑर्फ९बी हे ९७ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. त्याचं जनुक न्यूक्लिओकॅप्सिडच्या जनुकातच, वेगळ्या वाचनचौकटीत (तीच अक्षरं दुसऱ्या ठिकाणापासून वाचून) दडलेलं आहे. टॉम७० हे मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलावरचं, आत येणारी प्रथिनं स्वीकारणारं प्रथिन.

इंटॅक्टमध्ये ऑर्फ९बी चा क्रमांक टाका, निकालांतून मानवी प्रथिनं निवडा आणि निकाल एमआयटॅब २.७ या स्वरूपात उतरवून घ्या. ही साधी टॅबने विभागलेली फाइल असते, ४२ कॉलमची. घाबरू नका, सुरुवातीला दहा-बारा कॉलम पुरतात. पहिले दोन कॉलम दोन प्रथिनांचे क्रमांक. सातवा ओळख पटवण्याची पद्धत. नववा पबमेड क्रमांक. दहावा आणि अकरावा दोन्हींचे टॅक्सॉनॉमी क्रमांक. बारावा आंतरक्रियेचा प्रकार. पंधरावा विश्वासाचा गुण. सोळावा विस्ताराची पद्धत, ज्याबद्दल पुढे सांगतो. एकोणिसावा आणि विसावा प्रयोगातली भूमिका, म्हणजे आमिष कोण आणि गळाला लागलेलं कोण. फाइलमध्ये 'बेट' आणि 'प्रे' असं लिहिलेलं दिसेल. एकोणतिसावा प्रयोग कोणत्या पेशीत झाला ते सांगतो, परीक्षानळीत झाला असेल तर तिथे उणे एक असतो.

छत्तिसावा कॉलम बहुतेक जण बघतच नाहीत. तो नकारात्मक नोंदीचा आहे. तिथे 'ट्रू' असेल तर ओळीचा अर्थ 'तपासलं, पण जोडणी आढळली नाही' असा होतो. अशा ओळी कमी असतात, पण न गाळता घेतल्या तर जे नाही तेच आहे म्हणून तुमच्या जाळ्यात येतं.

आणखी एक गोष्ट: विषाणूचं प्रथिन नेहमी पहिल्याच कॉलममध्ये असेल असं नाही. विषाणू-माणूस आणि माणूस-विषाणू अशा दोन्ही क्रमांनी गाळा, आणि मग विषाणू डावीकडे येईल अशी अदलाबदल करा. ती करताना भूमिकांचे कॉलमही बरोबर बदला.

आता या जोडीच्या ओळी वाचा. २०२० मध्ये नेव्हन क्रोगन यांच्या गटाने सार्स-कोव्ह-२ च्या २९ पैकी २६ प्रथिनांना एकेक करून टॅग (पकडायला सोपी खूण) लावला, हेक२९३टी या मानवी पेशींमध्ये ती बनवली, टॅगला धरून बाहेर ओढली आणि बरोबर काय आलं ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे तुकड्यांच्या वस्तुमानावरून, ओळखलं. ३३२ जोड्या त्यांनी भरवशाच्या ठरवल्या. ऑर्फ९बी आणि टॉम७० ही त्यातलीच एक. पुढे त्याच वर्षी या जोडीची क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने काढलेली, सुमारे ३ अँगस्ट्रॉम बारकाईची रचना आली. प्रोटीन डेटा बँक या रचनांच्या संग्रहात ती ७केडीटी या क्रमांकावर आहे. एकटं असताना ऑर्फ९बी बीटा पट्ट्यांच्या घडीत असतं, टॉम७० च्या खाचेत शिरल्यावर त्याचा एक भाग हेलिक्स (मळसूत्री वेटोळं) बनतो. पुल-डाउनमधली (टॅगला धरून ओढण्याच्या प्रयोगातली) एक ओळ आणि रचनेतली एक ओळ यांच्यात पुराव्याच्या दृष्टीने किती अंतर असतं, हे या जोडीच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्यावर नीट समजतं.

पाचवी पायरी: पद्धत वाचायला शिका

आता त्याच ३३२ जोड्यांमध्ये स्पाइक शोधा. सगळ्या जगाला ठाऊक असलेली जोडी म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं स्पाइक आणि ते पेशीवर ज्याला धरतं ते एसीई२. त्या यादीत ती नाही. स्पाइकच्या नावावर तिथे झेडडीएचएचसी५ आणि गोल्गा७ ही दोन मानवी प्रथिनं आहेत. प्रयोग चुकला का? अजिबात नाही. हेक२९३टी पेशींमध्ये एसीई२ अत्यल्प असतं. शिवाय या प्रयोगात स्पाइक पेशीच्या आत बनत होतं, आणि एसीई२ शी त्याची गाठ खऱ्या संसर्गात पडते ती पेशीच्या बाहेरच्या बाजूने. झेडडीएचएचसी५ हे प्रथिनांना पामिटिक आम्ल जोडणारं एन्झाइम आणि गोल्गा७ त्याचं साथीदार. आत बनणाऱ्या स्पाइकच्या वाटेवर ती भेटणं अगदी साहजिक आहे. यादीत नसणं म्हणजे निसर्गात नसणं नव्हे, हे याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

पद्धतीनुसार ओळीचं वजन ठरतं. यीस्ट टू-हायब्रिड ही १९८९ मध्ये आलेली पद्धत एकेका जोडीची थेट परीक्षा घेते, पण ती यीस्टच्या केंद्रकात. पटलात रुतलेली प्रथिनं तिथे नीट वागत नाहीत. टॅग धरून ओढण्याच्या पद्धतीत मानवी पेशी असते, ही जमेची बाजू. पण बरोबर येणारं प्रथिन थेट चिकटलेलं असेल किंवा मधल्या एखाद्या प्रथिनाचा हात धरून आलेलं असेल. बायोटिनने शेजाऱ्यांवर खूण करण्याची पद्धत फक्त जवळपास कोण होतं ते सांगते. रचना किंवा शुद्ध प्रथिनांवरची बंधमोजणी मिळाली तर थेट स्पर्शाची खात्री वाटते. बाराव्या कॉलममधले 'डायरेक्ट इंटरॅक्शन', 'फिजिकल असोसिएशन', 'असोसिएशन' आणि 'प्रॉक्सिमिटी' हे शब्द याच उतरंडीचे आहेत. तुमचा प्रश्न थेट स्पर्शाचा असेल तर शेवटचे दोन बाजूला ठेवा.

सोळाव्या कॉलमचा मुद्दा इथे येतो. एका आमिषाबरोबर दहा प्रथिनं वर आली, तर प्रयोगाने अकरा जणांचा एक घोळका दाखवला. डेटाबेसला मात्र जोड्या लिहायच्या असतात. आमिषाची प्रत्येकाशी जोडी लावली तर दहा जोड्या होतात, याला स्पोक विस्तार म्हणतात. सगळ्यांची सगळ्यांशी लावली तर पंचावन्न होतात, हा मॅट्रिक्स विस्तार. इंटॅक्ट स्पोक पद्धत वापरतं आणि तसं लिहूनही ठेवतं. दोन संग्रहांच्या आकड्यांची तुलना करण्याआधी ही नोंद बघा.

ओढून काढण्याच्या प्रयोगांत काही प्रथिनं कोणत्याही आमिषाबरोबर येतात: उष्णताघात प्रथिनं, ट्युब्युलिन, रायबोसोमची प्रथिनं. अशा नेहमीच्या उपऱ्यांचा एक संग्रह क्रॅपोम नावाने उपलब्ध आहे, तुमची यादी त्यावर ताडून बघा. तरी सरसकट छाटणी करू नका. काही विषाणूंना उष्णताघात प्रथिनांची खरोखरच गरज असते.

पेशीचा प्रकार हाही पुराव्याचा भाग आहे. २०१२ मध्ये क्रोगन यांच्याच गटाने एचआयव्हीचा नकाशा हेक२९३ आणि जुरकॅट या दोन प्रकारच्या पेशींत तयार केला. ४९७ जोड्या मिळाल्या, पण दोन्ही पेशींत आढळलेल्या त्यातल्या सुमारे ४० टक्केच. त्याच कामातून व्हिफ या एचआयव्हीच्या प्रथिनाला सीबीएफ-बीटा या मानवी प्रथिनाची साथ लागते हे पुढे आलं, आणि एचआयव्ही पेशीची अपोबेक३जी ही संरक्षणव्यवस्था कशी मोडतो याचं कोडं बरंच सुटलं.

इंटॅक्टचा गुण शून्य ते एक यांच्यामध्ये असतो. किती निबंध, कोणत्या पद्धती, कोणता प्रकार यांवर तो बेतलेला आहे. म्हणजे नव्या, एकदाच आढळलेल्या जोडीला गुण कमीच मिळणार. कमी गुण म्हणजे 'अजून फारसं कोणी बघितलेलं नाही' असं वाचा. आणि दोन वेगळ्या डेटाबेसांचे गुण शेजारी ठेवून तुलना करू नका, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

सहावी पायरी: एकत्र करणं आणि साफ करणं

सगळ्या फाइल एकत्र करताना प्रत्येक ओळीची ओळख चार गोष्टींनी ठरवा: विषाणूच्या प्रथिनाचा क्रमांक उपक्रमांकासह, मानवी प्रथिनाचा क्रमांक, पबमेड क्रमांक आणि पद्धत. चारही सारखे तर ओळ एकदाच ठेवा. मग जोडीमागे किती स्वतंत्र निबंध आणि किती वेगळ्या पद्धती आहेत ते मोजा. गुणापेक्षा ही मोजणी मला जास्त बोलकी वाटते. प्रसिद्धीपूर्व मसुदा आणि नंतरचा निबंध हे दोन पुरावे म्हणून मोजले गेले नाहीत ना, तेही बघा. २०२० मधल्या कोरोनाच्या माहितीत याची शक्यता बरीच असते.

फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नका. सेप्ट आणि मार्च या घराण्यांतल्या जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. हा त्रास इतका वाढला की २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांची नावंच बदलून सेप्टिन१, मार्चएफ१ अशी केली. जुन्या फाइलमध्ये मात्र जुनीच नावं आहेत. पायथन किंवा आर येत नसेल तर फाइल आयात करताना सगळे कॉलम मजकूर म्हणून घ्या.

सातवी पायरी: जाळं काढा, पण पार्श्वभूमी नीट निवडा

चित्रासाठी सायटोस्केप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, आणि इंटॅक्ट व स्ट्रिंग (प्रथिनांच्या संबंधांचा आणखी एक संग्रह) यांची जोडणी त्यातच मिळते. विषाणूची प्रथिनं एका रंगात, मानवी दुसऱ्यात, आणि रेषेची जाडी स्वतंत्र पुराव्यांच्या संख्येवर, एवढं केलं तरी बरंच काही दिसू लागतं.

पुढे बहुतेक जण लक्ष्य प्रथिनं कोणत्या मार्गात जास्त आहेत याची चाचणी लावतात, आणि इथे पार्श्वभूमीचा संच चुकतो. हेक२९३टी मधल्या प्रयोगाची यादी पूर्ण मानवी प्रथिनसंचाशी ताडली, तर त्या पेशीत मुबलक असणारी प्रथिनंच 'विशेष' म्हणून पुढे येतात. पार्श्वभूमी म्हणून त्या पेशीत आढळणारी प्रथिनंच घ्या. साहित्यातून गोळा केलेल्या जोड्यांमध्ये वेगळा कल असतो: पी५३ सारख्या प्रथिनांवर इतकं काम झालं आहे की ती प्रत्येक विषाणूच्या यादीत आघाडीवर दिसतात. विषाणू जाळ्यातल्या मध्यवर्ती प्रथिनांना लक्ष्य करतात हे निरीक्षण अनेक अभ्यासांत आलं आहे, पण त्यात अभ्यासाचा कल किती हा प्रश्न दर वेळी विचारायलाच हवा.

भाकितांबद्दल थोडं

प्रयोग झालेला नाही अशा विषाणूंसाठी भाकितांचे संग्रह आहेत. स्ट्रिंगची विषाणूंसाठीची आवृत्ती २०१८ ची. तिच्या गुणात प्रयोगांबरोबर निबंधांच्या मजकुरातले एकत्र उल्लेखही धरले जातात, म्हणून पुराव्याचे कप्पे उघडून बघा. पी-हिपस्टर २०१९ चा. त्याने माणसाला लागण करणाऱ्या १,००१ विषाणूंसाठी रचनेच्या साम्यावरून जोड्यांचा अंदाज बांधला. अशा जोड्या गृहीतकं म्हणून उत्तम आहेत, पण प्रायोगिक जोड्यांच्या फाइलमध्ये त्या मिसळू नका. छोट्या सूत्रखुणांवर आधारलेल्या जोडण्यांसाठी ईएलएम हा संग्रह जोडीला ठेवा: एचआयव्हीच्या गॅग प्रथिनामधली पीटीएपी ही चार अमिनो आम्लांची खूण मानवी टीएसजी१०१ ला कशी धरते, हे तिथे सापडेल.

यंत्राला शिकवणाऱ्यांसाठी एकच सूचना. 'न जुळणाऱ्या' जोड्या म्हणून यादृच्छिक जोड्या घेतल्या जातात, पण त्या न तपासलेल्या असतात, न जुळणाऱ्या सिद्ध झालेल्या नसतात. आणि तेच विषाणू प्रथिन शिकवण्याच्या व परीक्षेच्या अशा दोन्ही संचांत असेल, तर मिळणारी अचूकता नव्या विषाणूवर टिकणार नाही. संच विषाणूंनुसार वेगळे करा.

सरावासाठी

वहीत तारीख, डेटाबेसची आवृत्ती आणि शोधाचे नेमके शब्द लिहून पहिला सराव एचपीव्ही-१६ वर करा. ई७ या त्याच्या प्रथिनापासून सुरुवात करा. आरबी१ या मानवी प्रथिनाशी त्याची जोडी ठळक दिसेल. ईएलएममध्ये त्यामागची एलएक्ससीएक्सई ही खूण मिळेल (एक्स म्हणजे कोणतंही अमिनो आम्ल). रचना, बंधमोजणी, पुल-डाउन सगळंच उपलब्ध असल्याने पद्धतींची तुलना करायला ही जोडी सोयीची आहे.

मग ई६ घ्या. ई६ आणि यूबीई३ए, ई६ आणि पी५३ अशा दोन जोड्या मिळतील. यूबीई३ए हेच ते ई६एपी, जे पी५३ ला नष्ट करण्यासाठी विषाणू वापरून घेतो. जोड्यांचा तक्ता बघून वाटतं की ई६ दोघांना स्वतंत्रपणे धरतं. आता प्रोटीन डेटा बँकेत ४एक्सआर८ उघडा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या रचनेत ई६, ई६एपी चा छोटासा एलएक्सएक्सएलएल तुकडा आणि पी५३ चा गाभा तिघेही एकत्र आहेत. ई६ पी५३ ला थेट स्पर्श करतं, पण ई६एपी चा तो तुकडा आधी येऊन बसल्यावरच. दोन कॉलमच्या तक्त्यात ही अट लिहायला जागा नाही. म्हणून ई६ च्या पी५३ सोबतच्या प्रत्येक ओळीचा पबमेड क्रमांक उघडा, त्या प्रयोगात ई६एपी हजर होतं का ते बघा, आणि तुमच्या तक्त्यात त्यासाठी एक कॉलम स्वतः जोडा.